सेफ्टीसाहेब पळाले नव्हते

आमच्या सोसायटीत एक वाक्प्रचार आहे. कुणी ऐन वेळी हात वर केले की म्हणतात, "सेफ्टी झाला." परवा वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीवरून भांडण पेटलं, चेअरमन फोनचं निमित्त करून बाहेर सटकले, आणि नव्यानं राहायला आलेला एक मुलगा मोठ्यानं म्हणाला, "गेले! सेफ्टी झाले!" सगळे हसले. या मुलानं सेफ्टीसाहेबांना पाहिलेलंसुद्धा नाही. त्यांचं नाव एवढं पुढं गेलं, आणि तेही उलट्या अर्थानं! मी तिथंच उठून बोलायला हवं होतं. उठलोही, पण गुडघे सरळ होईपर्यंत विषय गच्चीच्या गळतीवर गेला होता. म्हणून आता लिहूनच टाकतो. आधीच फार उशीर झालाय, आणि त्या उशिराचा सगळा दोष माझा आहे.

सेफ्टीसाहेब म्हणजे खडकीच्या एका संरक्षण कारखान्यातले सुरक्षा विभागाचे सुपरवायझर. मी त्याच कारखान्यात अकाउंट्सला. निवृत्तीनंतर आम्ही बऱ्याच जणांनी कात्रजला, डेअरीच्या पलीकडं, ही सोसायटी उभी केली. तेव्हा इथं जागा स्वस्त होती, हवा चांगली होती आणि रिक्षावाले यायला तयार नसत. साहेबांचं आयुष्य दारूगोळ्याच्या शेजारी गेलेलं. आग लागायच्या आधी आग लागल्यासारखं पळायचं, हा त्यांचा धंदा. शिटी वाजली की सगळ्या कारखान्यानं ठरलेल्या दारानं बाहेर यायचं, आणि कोण चहाचा कप हातात घेऊन आला ते हे टिपणार. निवृत्त झाल्यावर त्यांना आग मिळेना. मग त्यांनी आमचे आजार हातात घेतले.

"नमस्कार" हा शब्द त्यांनी टाकून दिला होता. जिन्यात भेटले की विचारायचे, "कार्ड कुठंय?"

कार्ड म्हणजे केंद्र सरकारच्या निवृत्तांसाठी जी आरोग्य योजना आहे, तिचं. एकदा ठरलेली वर्गणी भरली की नवरा-बायकोला जन्मभर. एरवी आधी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरची चिठ्ठी लागते. पण प्रसंग जिवावरचा असेल तर यादीतल्या कुठल्याही रुग्णालयात थेट जायचं, कार्ड दाखवायचं, आणि त्यांनी सरकारी दरानं उपचार करायचे. वर एक पैसा मागायचा नाही. खोली कसली मिळणार ते शेवटच्या पगारावरून ठरतं: जनरल, सेमी-प्रायव्हेट, प्रायव्हेट.

ही वर्गवारी साहेबांच्या डोक्यात अशी बसली होती की ते माणसांची ओळखच तशी करून देत. एकदा एका लग्नात त्यांनी मला वधूपित्यापुढं उभं केलं. "हे आमचे शेजारी. सेमी-प्रायव्हेट." तो बिचारा मला म्हणाला, "अरे वा! कुठल्या लाइनमध्ये?" साहेबांनी माझ्या वतीनं उत्तर दिलं, "अजून कुठल्याच नाही. तब्येत बरी आहे."

तर तालीम! ती सांगताना आजही मला खुर्चीत बसवत नाही.

रविवारी सकाळी, लोक दाढीला बसलेले असताना, खाली अंगणात शिटी वाजायची. ज्याचं नाव पुकारलं तो पेशंट. त्यानं असेल तिथं आडवं व्हायचं आणि बोलायचं नाही. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दोघांनी प्लास्टिकच्या हाताच्या खुर्चीत घालून त्याला जिना उतरवायचा, खुर्ची वळणावर तिरकी करायची, पाय आधी की डोकं आधी ते चुकवायचं नाही. एकानं रिक्षा आणायची. बायकोनं कपाटातलं कार्ड घ्यायचं. या कार्डांसाठी साहेबांनी सगळ्यांना एकसारखी प्लास्टिकची पाकिटं दिली होती, आतून कागद लावलेली; पावसात भिजू नये म्हणून कार्ड आत घालून कडा ज्यानं त्यानं चिकटवायच्या. "कार्ड दाखवा!" अशी आरोळी आली की पाकीट डोक्यावर धरायचं. मग सगळी वरात सातारा रस्त्यावरच्या रुग्णालयाच्या फाटकापर्यंत जाऊन परत.

पहिल्या वेळी पेशंट मी होतो. रिक्षा फाटकात शिरताच वॉचमन चाकाची खुर्ची घेऊन धावला, मागून सिस्टर धावली.

"पेशंट कुठंय?"

"मीच," मी म्हणालो. "पण आज नाही."

"मग कधी?"

साहेब पुढं झाले. "ते सांगता येत नाही, म्हणून तर आलो. तुमची चाकाची खुर्ची उजवीकडं ओढते. तेल घाला."

सिस्टर जे बोलली ते इथं लिहीत नाही. पण पुढच्या वेळी खुर्ची सरळ चालत होती!

खरी कमाल बायकांच्या शिकवणीची. साहेबांचा सिद्धांत असा की ऐन वेळी पुरुष आडवा असतो, तेव्हा योजना समजायला हवी ती बाईला. त्यांच्या जेवणाच्या टेबलाचं काउंटर व्हायचं. ते स्वतः क्लार्क. मान वर करायची नाही, बडीशेप चघळायची.

"आजी, हे स्कीममध्ये बसत नाही. वरचे भरावे लागतील."

"बरं," आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणायच्या.

"बरं नाही! बरं म्हणालात की संपलात! काय म्हणायचं?"

"लेखी द्या," काकू पुटपुटायच्या.

"मला ऐकू आलं नाही. मी टीव्ही बघतोय. पुन्हा!"

"अहो, लेखी द्या ना..."

"ना काढा त्यातला! हळदी-कुंकवाला बोलावताय का?"

जन्मात कुणाला उलट न बोललेल्या त्या बायका दुपारी ओळीनं उभ्या राहून "लेखी द्या" घोकायच्या. हळू, मग ठाम, मग शेजारच्या इमारतीला ऐकू जाईल असं. माझी बायको त्यात पहिली आली. मग काय विचारता! भाजीवाला म्हणाला मेथी आजचीच आहे, ही म्हणाली, लेखी दे. मी म्हणालो, दिवाळीनंतर आपण नक्की महाबळेश्वरला जाऊ. ही नुसती माझ्याकडं बघत राहिली. मला कळलं.

या सगळ्या घोळक्यात एकाच माणसाचं पाकीट वेगळं आहे असं मला वाटायचं, आणि तो मी. निवृत्त झालो तेव्हा एक पर्याय होता. योजनेचा दवाखाना ज्यांना लांब पडतो, त्यांनी कार्डाऐवजी दर महिन्याला पेन्शनमध्ये थोडा वैद्यकीय भत्ता घ्यावा. कात्रजहून सगळंच लांब. मी भत्ता घेतला. मग मुलगा बंगलोरला सॉफ्टवेअरमध्ये लागला आणि त्याच्या कंपनीनं आई-वडिलांनाही विम्यात घेतलं. काय ते कार्ड! चकचकीत, उठावाची अक्षरं, आमची नावं इंग्रजीत. साहेब सोडले तर सोसायटीत एकही माणूस असा नव्हता ज्याला मी त्याबद्दल सांगितलं नव्हतं. साहेबांना मात्र मी फक्त "माझं कार्ड आहे" एवढंच म्हणालो आणि तेच त्यांच्या पाकिटात घालून कडा चिकटवल्या. त्या चकचकीत कार्डापुढं सगळं सरकारी मला गरिबाघरचं वाटायचं. तालमीत पाकीट बाहेरूनच दाखवायचं असे, त्यामुळं आत काय आहे ते ना त्यांनी पाहिलं, ना बायकोनं.

झटका आला तो बुधवारी, दाढी करताना. अर्ध्या गालाला साबण. छातीवर कुणीतरी पाट ठेवून बसल्यासारखं झालं. बायकोनं खिडकीतून हाक मारली आणि साहेब, देवाशप्पथ, हातात शिटी घेऊनच वर आले! त्या जिन्यात जे झालं ते पाहण्यासारखं होतं, आणि मी पाहिलं, कारण खुर्चीत मीच होतो. वळणावर खुर्ची तिरकी. पाय आधी. रिक्षा दारात. कुणी कुणाला काही विचारलं नाही. मला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगू? मला एवढंच वाटत होतं की आज आपण तालमीतला वेळेचा विक्रम मोडणार! साहेब रिक्षाच्या पुढं स्कूटरवर, हॉर्न दाबून धरलेला.

मला आत घेतलं, पडदा ओढला, तारा लावल्या. डॉक्टर म्हणाले, लगेच अँजिओप्लास्टी. पडद्याबाहेर काउंटर होतं आणि मला एकेक शब्द ऐकू येत होता.

बायकोनं पाकीट ठेवलं. कात्रीचा आवाज. मग काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "हे तर कंपनीचं आहे." बराच वेळ कळा दाबल्याचा आवाज. "आजी, आजोबांचं नाव सिस्टीममध्ये नाहीये."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे होतं. मुलानं जॉब चेंज केलाय का?"

केला होता. गेल्याच आठवड्यात. मोठ्या पगारावर! मी पेढे वाटले होते. कंपनीचा विमा नोकरीबरोबर जातो, आणि नव्या कंपनीत आमची नावं अजून घालायची होती, हे मुलालाही सुचलं नव्हतं आणि मलाही.

"सरकारी कार्ड कुठंय, वहिनी?" हा साहेबांचा आवाज.

"हेच कार्ड ना?" बायको म्हणाली. "तुम्ही तर दर रविवारी बघायचात."

पाकीट उलटं करून झटकल्याचा आवाज आला.

"आजी, डिपॉझिट भरल्याशिवाय केस पुढं नाही जाणार," मुलगा म्हणाला.

आणि मग माझ्या बायकोचा आवाज आला. तो आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. "पेशंटला झटका आलाय आणि पैशासाठी थांबवलंय. असं लेखी द्या. तुमचं नाव घाला, वेळ घाला, खाली सही करा."

"अहो, असं लेखी नसतं देता येत..."

"मग थांबवताही येत नाही. लेखी द्या!"

मला वाटतं शेजारच्या पलंगावरचा पेशंटही कण्हायचा थांबला. कुणीतरी वरिष्ठ आले, हळू काहीतरी बोलले, आणि माझी ढकलगाडी हलली!

हलण्याआधी पडद्यातून साहेबांचं डोकं आत आलं. त्यांनी माझ्या हाताखाली एक कोरा अर्ज सरकवला. कोरे अर्ज त्यांच्या स्कूटरच्या डिकीत कायम असायचे. "सही करा. वाचू नका." न वाचता सही करू नका म्हणून ज्यानं आमचे कान किटवले, तो माणूस! मला वाटलं, मृत्युपत्र. मी केली. ते गेले.

आता सोसायटीची गोष्ट इथून सुरू होते. वसंतराव, आमच्या खालच्या मजल्यावरचे, आणखी चौघांना घेऊन मागच्या रिक्षांनी आले, तर फाटकात साहेब स्कूटरला किक मारताहेत. चेहरा पांढराफटक. वसंतरावांनी विचारलं, "अहो, कुठं निघालात? पेशंट आत आहे ना?" साहेब म्हणाले, "बाजूला व्हा!" आणि सुसाट गेले. संध्याकाळपर्यंत कुणाला दिसले नाहीत. पुढच्या रविवारी शिटी वाजली नाही. नंतर कधीच वाजली नाही. एवढ्यावर वसंतरावांनी निकाल दिला: "तालमीतले सरदार! खरं रक्त दिसलं आणि सेफ्टी फरार." लोकांना ते आवडलं. वर्षभर ज्यानं सगळ्यांना जिने उतरवले, त्याच्यावर हसायला मिळालं.

मग ते गेले कुठं होते? बायकोला त्यांनी कुणाला बोलू नका म्हणून बजावलं होतं, त्यामुळं मला ते कळलं बऱ्याच दिवसांनी, जेव्हा मी माझं कायमचं कार्ड आणायला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कार्यालयात एकटा गेलो. काउंटरवर नागपूरकडच्या एक बाई होत्या. त्यांनी माझं नाव वाचलं आणि टेबलावर हात आपटला.

"तुम्हीच का ते काका! जिवंत आहात ना बाप्पा!" त्यांनी मागं वळून दोघा-तिघांना हाक मारली. "अरे या ना, ते फरशीवाल्या काकांचे पेशंट आले!"

"फरशीवाले?"

"अहो, ते तर इथं फरशीवरच झोपले ना! जेवणाची सुट्टी होती. आम्ही म्हटलं, उद्या या. तर ते सरळ आडवे. डोळे मिटून. मी म्हटलं, काका, हे काय करून राहिले? तर म्हणे, मी पेशंट आहे, ज्याचं कार्ड काढायचंय तो माझा मित्र तिकडं ऑपरेशनच्या टेबलावर आहे, त्याचं काही झालं तर कुणाच्या जेवणाच्या सुट्टीत झालं ते ठरवून ठेवा."

हे ऐकताना माझे कान तापले होते. बाई सांगत होत्या आणि मी मनातल्या मनात त्यांच्या स्कूटरवर मागं बसलो होतो! साहेबांनी फरशीवरून त्यांना सगळं सांगितलं होतं. रुग्णालयातून ते आमच्या घरी गेले होते. बायकोनं किल्ली दिली होती. पेन्शनचे कागद कपाटात मिळाले. तिनं रुग्णालयातच सही करून दिलेल्या चेकवर बँकेतून वर्गणीचा ड्राफ्ट काढला. भत्ता सोडून कार्डाकडं यायची मुभा आयुष्यात एकदाच मिळते, ती त्यांनी माझ्या त्या न वाचलेल्या सहीवर घेतली. सगळं झालं आणि फोटो मिळेना. माझा सुटा फोटो घरात नव्हता. मी तेव्हा सोसायटीचा खजिनदार. साहेबांनी खालच्या नोटीस बोर्डाची काच सरकवली आणि कार्यकारिणीच्या फोटोंतून मला उपटला.

"फोटोला कपाळावर टाचणीचं भोक, कानावर सोसायटीचा अर्धा शिक्का," बाई म्हणाल्या. "आमचे इथले साहेब म्हणाले, हा चालत नाही. तर काका फरशीवरून म्हणे, माणूस चालायला लागला की दुसरा आणून देतो."

त्या मंडळींनी डबे बाजूला ठेवून मला तात्पुरतं कार्ड करून दिलं. त्याच तारखेपासून लागू. संध्याकाळी साहेबांनी ते बायकोच्या हातात ठेवलं. "काउंटरला द्या. दिल्याची पोच घ्या." मला भेटायला वर आले नाहीत. सोसायटीचे लोक तोवर घरी जाऊन चहा पिऊन फरारीची गोष्ट पक्की करत होते. बिल सरकारनं भरलं. माझ्या कायमच्या कार्डावरही तोच भोक पडलेला फोटो आहे.

त्या कार्यालयातून मी रिक्षा करून थेट साहेबांच्या दारात गेलो. ते गॅलरीत बसून खालचा जिना बघत होते.

"साहेब, मी आज सगळ्यांना सांगणार. त्या वसंतरावाला तर नोटीस बोर्डावर लावतो!"

"बसा," ते म्हणाले. "काय सांगणार?"

"की तुम्ही पळाला नव्हता. एका दिवसात कार्ड आणलंत."

"हेच सांगू नका." ते माझ्याकडं वळले. "आपल्यात भत्ता घेऊन, रिकामी पाकिटं दाखवत बसलेले अजून किती होते, ठाऊक आहे? तुम्ही पडलात, मी पळालो, आणि त्या आठवड्यात सगळे रांगेत उभे राहिले. का? आता धावायला कुणी नाही म्हणून. तुम्ही सांगितलंत की सेफ्टी एका दिवसात कार्ड काढतो, की उद्यापासून कुणी काढणार नाही. जो तो म्हणेल, बघू की, सेफ्टी आहे ना."

"पण लोक तुम्हाला..."

"म्हणू देत. शिटीनं जे झालं नाही ते माझ्या पळण्यानं झालं." मग म्हणाले, "आणि चूक माझीही आहे. कार्ड दाखवा म्हणत राहिलो. उघडा, असं एकदाही म्हणालो नाही."

मी गप्प बसलो. आणि मग गप्पच राहिलो. त्यांनी सांगू नका म्हटलं, हे मला फार सोयीचं होतं. खरी गोष्ट सांगायची तर मुलाचं चकचकीत कार्ड ऐन वेळी बंद पडल्याचंही सांगावं लागलं असतं, पेढ्यांचंही. त्यांची आज्ञा आणि माझी लाज एकाच दिशेला होत्या. मी आज्ञेचं नाव पुढं केलं. पुढं ते मुलीकडं नाशिकला गेले आणि तिकडंच वारले. नाशिकला जाताना टेम्पोत सामान चढवायला वसंतराव होते, मीही होतो. वसंतराव म्हणाले, "सेफ्टी, सावकाश जा, पळू नका!" साहेब खो-खो हसले. मी खोक्याला दोरी बांधत होतो. बांधतच राहिलो.

आता वसंतराव नाहीत. माझी बायकोही नाही. तिला शेवटी सेमी-प्रायव्हेट खोली मिळाली, खिडकीची, आणि तिनं तिथल्या सिस्टरकडूनही दोनदा लेखी घेतलं. सोसायटीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याकडं कार्ड आहे, मी स्वतः उघडून पाहिलंय. त्यामुळं सेफ्टीसाहेबांची आज्ञा आता मोडायला हरकत नसावी. ते पळाले नव्हते. त्या दिवशी सगळ्या पुण्यात त्यांच्यापेक्षा जोरात माझ्यासाठी कुणी धावत नव्हतं!

फक्त नव्या लोकांसाठी एक सांगतो, नाहीतर साहेब मला वर गेल्यावर दारात उभं करणार नाहीत. कार्ड एका दिवसात निघत नाही. मुळीच निघत नाही. मी वर जे लिहिलंय ते वाचलंच नाही असं समजा, आणि उद्या सकाळी जाऊन अर्ज आणा.